पारख, किंमत आणि क्वार्टरबॅक

१९९८ सालच्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील फुटबॉलशौकिनांपुढे एकच वाद रंगला होता : पेटन मॅनिंग श्रेष्ठ की रायन लीफ? एक टेनेसी विद्यापीठाचा, दुसरा वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचा. दोघेही क्वार्टरबॅक. मॅनिंग अभ्यासू आणि घोटीव खेळाचा. लीफ धिप्पाड, बळकट हाताचा. आपल्या विद्यापीठाला त्याने ६७ वर्षांनंतर 'रोझ बाउल' या प्रतिष्ठेच्या सामन्यापर्यंत नेऊन पोहोचविले होते. या दोघांतील अंतर उन्नीस-बीसचेच आहे, असे अनेक जाणकारांचे मत होते. इंडियानापोलिसच्या संघाने पहिल्या क्रमांकावर मॅनिंगला निवडले, सॅन डिएगोच्या संघाने दुसऱ्या क्रमांकावर लीफला. तिसऱ्या जागेवरून दुसऱ्या जागेवर सरकण्यासाठी सॅन डिएगोने पुढील वर्षाची पहिल्या फेरीतील निवड, दुसऱ्या फेरीतील एक निवड आणि वर दोन खेळाडू एवढी किंमत मोजली होती.

पुढे जे घडले ते सर्वश्रुत आहे. मॅनिंगने पाच वेळा सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान मिळविला आणि दोन वेगवेगळ्या संघांना अजिंक्यपद मिळवून दिले. लीफ अवघे २५ सामने खेळला. त्याच्या फेकीवर १४ टचडाउन झाले, आणि ३६ वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या हाती गेला. २००१ च्या हंगामानंतर त्याचा खेळ कायमचा थांबला. पुढे व्यसन आणि कारावास यांतूनही त्याला जावे लागले. त्यातून सावरून तो आता त्याविषयी जाहीरपणे बोलतो. ज्यांच्यात उन्नीस-बीसचा फरक दिसला त्यांच्या वाटेला एवढे भिन्न भवितव्य यावे, हा केवळ दैवाचा खेळ म्हणावा, की पारख करणाऱ्यांच्या पद्धतीतच काही उणीव आहे?

हा प्रश्न केवळ क्रीडारसिकांचा नाही. कोवळ्या वयातील तरुणांची लायकी आधी ओळखून त्यांना क्रमांक लावणे हे काम प्रत्येक समाज करीत असतो. फरक इतकाच की, अन्यत्र निवडीचे निकाल फायलींत गडप होतात. अमेरिकन फुटबॉलमध्ये निवड आणि तिचे फळ ही दोन्ही लक्षावधी लोकांच्या डोळ्यांदेखत घडतात, आणि त्यांची आकडेवार नोंद राहते. निवडशास्त्राच्या अभ्यासकाला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणे कठीण.

क्वार्टरबॅक म्हणजे कोण?

ज्याला अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो पायाने खेळावयाचा खेळ नव्हे. अंडाकृती चेंडू हाताने फेकून अथवा काखेत धरून धावत, प्रतिपक्षाच्या हद्दीत नेणे हे त्याचे सूत्र. अकरा जणांच्या आक्रमक फळीत क्वार्टरबॅकचे स्थान अनन्यसाधारण असते. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो. मग दोन-तीन सेकंदांच्या अवधीत त्याने प्रतिपक्षाची रचना ओळखावयाची, आपल्या धावत्या सहकाऱ्यांपैकी कोण मोकळा होणार याचा अंदाज बांधावयाचा, आणि अंगावर धावून येणाऱ्या सव्वा-दीड क्विंटल वजनाच्या खेळाडूंकडे दुर्लक्ष करून चेंडू नेमक्या जागी फेकावयाचा. क्रिकेटमधील कर्णधाराची दृष्टी आणि सलामीच्या फलंदाजाचे धैर्य एकाच माणसात, तेही प्रत्येक चेंडूला, हवे असावे तसा हा प्रकार आहे. स्वाभाविकच या एका जागेवर संघाचे यशापयश मोठ्या प्रमाणावर अवलंबून राहते.

'ड्राफ्ट' या निवडपद्धतीचा जन्म समतेच्या विचारातून झाला. फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ साली ती सुचविली आणि १९३६ साली ती प्रथम अमलात आली. सधन संघ चांगले खेळाडू पैशाच्या बळावर पळवीत आणि दुर्बळ संघ अधिक दुर्बळ होत. म्हणून गेल्या हंगामात जो तळाला राहिला त्याने प्रथम निवड करावी, असा नियम ठरला. अर्थात या समतेची किंमत खेळाडू देतो. त्याला आपला मालक निवडता येत नाही; ज्याने त्याचे नाव पुकारले त्याच्याशीच करार करणे त्याला भाग पडते. १९८३ साली जॉन एल्वे आणि २००४ साली ईली मॅनिंग यांनी आपल्याला निवडणाऱ्या संघाकडून खेळण्यास नकार दिला आणि आपली अदलाबदल घडवून आणली. पण असे धाडस करण्याची ऐपत शेकडोंत एखाद्याचीच. मजेची गोष्ट अशी की, १९३६ च्या त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये अग्रक्रमाने निवडलेला जे बरवॅंगर हा खेळाडू व्यावसायिक मैदानावर एकदाही उतरला नाही. या पद्धतीचा पहिलाच आडाखा वाया गेला होता!

जे मोजता येते तेच मोजणे

निवडीपूर्वी जी छाननी होते ती मात्र थक्क करणारी असते. इंडियानापोलिस येथे दरवर्षी भरणाऱ्या शिबिरात तीनशेहून अधिक खेळाडूंची उंची, वजन, तळहाताची लांबी इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजली जाते. ४० यार्डांची धाव सेकंदाच्या शतांशात टिपली जाते. उभी उडी, लांब उडी, वैद्यकीय तपासणी, मुलाखती हे सारे आलेच. १२ मिनिटांत ५० प्रश्न सोडविण्याची एक बुद्धिमापन चाचणीही अनेक वर्षे घेतली जात असे. २०२२ पासून ती या शिबिरातून वगळण्यात आली. याशिवाय प्रत्येक संघाचे पारखी देशभर हिंडून सामने पाहतात, चित्रफिती पुनःपुन्हा तपासतात, शाळेतील शिक्षकांपर्यंत चौकशा करतात.

इतके करूनही २००० साली काय झाले? मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रेडी नावाचा किरकोळ अंगाचा तरुण ४० यार्डांसाठी ५.२८ सेकंद घेतो, हे मोजपट्टीने अचूक सांगितले. ते खरेच होते. त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. त्याचे नाव सहाव्या फेरीत १९९ व्या क्रमांकावर पुकारले गेले. ज्या न्यू इंग्लंड संघाने त्याला घेतले त्यानेही आधीच्या पाच फेऱ्यांत इतरांनाच पसंती दिली होती. २००१ च्या सप्टेंबरात त्या संघाचा मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला नसता, तर ब्रेडीला संधी केव्हा मिळाली असती हे सांगणे अवघड आहे. संधी मिळाली आणि त्याने कारकीर्दीत सात अजिंक्यपदे पटकावली. मोजपट्टी चुकली नव्हती. तिने मोजले ते गैरलागू होते. क्वार्टरबॅकला ४० यार्ड सरळ धावण्याचा प्रसंग क्वचितच येतो. त्याला गोंधळात शांत राहावे लागते, आणि शांतपणा मोजण्याचे घड्याळ अजून निघालेले नाही.

महाविद्यालयीन सामन्यांतील आकडेवारी हा तरी भरवशाचा पुरावा म्हणावा काय? तोही अर्धाच. क्वार्टरबॅकची कामगिरी कधीच एकट्याची नसते. त्याच्यापुढे भिंत होऊन उभे राहणारे पाच जण, चेंडू झेलणारे सहकारी, चाली रचणारा प्रशिक्षक या सर्वांचे कर्तृत्व त्याच्या नावे जमा होते. जो बरो याचे उदाहरण बोलके आहे. लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळताना २०१८ च्या हंगामात त्याच्या फेकीवर १६ टचडाउन झाले. पुढच्याच वर्षी ६०! मधल्या काळात त्याच्या हाताची ताकद चौपट झाली नव्हती. चालींची पद्धत बदलली, सहकारी परिपक्व झाले, तो स्वतःही सुधारला. यातील कोणत्या घटकाचा वाटा किती, हे कोणी सांगावे? २०२० साली त्याला पहिल्या क्रमांकावर घेणे योग्य ठरले, हे नंतर कळले. पण एक वर्ष आधी निवड झाली असती तर याच तरुणाचा क्रमांक बराच खाली लागला असता.

अर्थशास्त्रज्ञांचे निष्कर्ष

या क्षेत्राकडे अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष गेले नसते तरच नवल. डेव्हिड बेरी आणि रॉब सिमन्स यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, क्वार्टरबॅकचा निवडीतील क्रमांक आणि मैदानावर उतरल्यानंतरची त्याची प्रत्येक चालीमागील कामगिरी यांच्यात फारसा संबंध आढळत नाही. वरच्या क्रमांकाच्या खेळाडूला खेळावयास अधिक मिळते, एवढेच निश्चित.

तथापि या निष्कर्षावरून 'निवड म्हणजे निव्वळ सोडत' असे म्हणणे घाईचे ठरेल. सहाव्या फेरीतील ज्या क्वार्टरबॅकची आकडेवारी उपलब्ध होते तो मुळातच सरावात चमकून वर आलेला असतो. त्याच फेरीतील इतर अनेकांना मैदान दिसतच नाही, आणि त्यांचे अपयश कोणत्याही तक्त्यात येत नाही. प्रवेशपरीक्षेत वरचे गुण मिळविणाऱ्यांनाच ज्या महाविद्यालयात प्रवेश मिळतो, तेथे प्रवेशाचे गुण आणि पुढील यश यांचा संबंध क्षीण दिसतो. म्हणून प्रवेशपरीक्षा निरर्थक होती असे सिद्ध होत नाही, त्यातलाच हा प्रकार. पारखी सर्वस्वी आंधळे नसतात. पहिल्या फेरीतील शंभर आणि सहाव्या फेरीतील शंभर यांत फरक आहेच. प्रश्न असतो तो पहिल्या आणि दुसऱ्या, दुसऱ्या आणि दहाव्या क्रमांकात जो फरक ठामपणे सांगितला जातो त्याचा.

नेमक्या याच मुद्द्यावर कॅड मॅसी आणि रिचर्ड थेलर यांचे संशोधन प्रकाश टाकते. हेच थेलर पुढे २०१७ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. २००५ साली मांडलेल्या आणि २०१३ साली अंतिम स्वरूपात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात एक साधा प्रश्न विचारला आहे : एकाच स्थानावर खेळणाऱ्या, लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला खरोखरच सरस ठरण्याची शक्यता किती? सर्व फेऱ्या आणि सर्व स्थाने मिळून उत्तर येते सुमारे ५२ टक्के. म्हणजे नाणे उडविण्यापेक्षा किंचित बरे. आणि तरीही वरच्या एका जागेसाठी संघ खालच्या तीन-चार जागा आनंदाने देऊन टाकतात.

अर्थशास्त्रात याला 'विजेत्याचा शाप' म्हणतात. ही कल्पना १९७१ साली तेलक्षेत्रांच्या लिलावावरून मांडली गेली. जमिनीखाली किती तेल आहे हे कोणालाच नक्की ठाऊक नसते. अशा वेळी ज्याचा अंदाज सर्वांत फुगलेला, तोच लिलाव जिंकतो आणि जिंकून नुकसानीत जातो. क्वार्टरबॅकच्या बाबतीतही बत्तीस संघांपैकी ज्याला एखाद्या तरुणात सर्वाधिक तेज दिसते तोच त्याच्यासाठी सर्वाधिक किंमत मोजतो. माहिती जसजशी वाढते तसतशी अचूकता थोडी वाढते, आत्मविश्वास मात्र कितीतरी अधिक वाढतो. खरा धोका आहे तो या दोहोंमधील अंतरात.

२०१२ सालचे उदाहरण या संदर्भात मननीय आहे. रॉबर्ट ग्रिफिन या तेजस्वी तरुणासाठी सहाव्या जागेवरून दुसऱ्या जागेवर येताना वॉशिंग्टनच्या संघाने पहिल्या फेरीतील तीन आणि दुसऱ्या फेरीतील एक निवड देऊन टाकली. ग्रिफिनचा पहिला हंगाम डोळे दिपविणारा होता; पण २०१३ च्या जानेवारीत गुडघा दुखावला आणि ती लय पुन्हा सापडली नाही. त्याच ड्राफ्टमध्ये, त्याच संघाने, चौथ्या फेरीत १०२ व्या क्रमांकावर कर्क कझिन्सला घेतले होते. २०१५ पासून तोच त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक झाला. आणि ७५ व्या क्रमांकावर सिॲटलने घेतलेल्या, 'बुटका' म्हणून मागे पडलेल्या रसेल विल्सनने दुसऱ्याच हंगामात आपल्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. समजा, प्रत्येक निवड यशस्वी ठरण्याची शक्यता एक-तृतीयांश आहे. एकाच निवडीवर सर्वस्व लावले तर यशाची शक्यता ३३ टक्के. तीन स्वतंत्र निवडी केल्या तर निदान एक यशस्वी होण्याची शक्यता ७० टक्क्यांवर जाते. सगळी अंडी एकाच टोपलीत ठेवू नयेत, हे बाजारातील जुने शहाणपण येथेही लागू पडते.

२०११ साली संघमालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यात झालेल्या करारानंतर नवागतांच्या वेतनाला मर्यादा पडल्या. २०१० साली पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लक्ष डॉलरचा करार मिळाला होता. पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनचा चार वर्षांचा करार २ कोटी २० लक्षांचा झाला. चुकीच्या निवडीची पैशातील झळ त्यामुळे कमी झाली. परंतु झळ कमी होताच धाडस वाढते, हाही अर्थशास्त्राचाच नियम. २०१७ साली शिकागोने मिचेल ट्रुबिस्कीसाठी तिसऱ्या जागेवरून दुसऱ्या जागेवर येण्यासाठी आणखी तीन निवडी मोजल्या. महाविद्यालयात तो सुरुवातीपासून उतरला होता असे सामने केवळ १३. त्याच वर्षी दहाव्या क्रमांकापर्यंत शिल्लक राहिलेल्या पॅट्रिक माहोम्सने पुढे कॅन्सस सिटीला तीन अजिंक्यपदे मिळवून दिली.

पूर्वग्रहाची मोजपट्टी

चुका केवळ अज्ञानातून होत असत्या तर त्या दोन्ही बाजूंना सारख्याच वाटल्या गेल्या असत्या. तसे झाले नाही. क्वार्टरबॅकला लागणारी बुद्धी आणि नेतृत्व कृष्णवर्णीयांच्या ठायी नसते, असा समज अमेरिकेत दीर्घकाळ बळावलेला होता. महाविद्यालयात उत्तम क्वार्टरबॅक असलेल्या कृष्णवर्णीय तरुणाला व्यावसायिक संघ दुसऱ्या स्थानावर खेळावयास लावीत. १९७८ च्या प्रारंभी वॉरन मून याने आपल्या विद्यापीठाला रोझ बाउल जिंकून दिला. त्या सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच ठरला. तरीही त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये एकाही संघाने त्याचे नाव घेतले नाही. तो कॅनडात गेला, एडमंटनच्या संघाकडून पाच अजिंक्यपदांचा भागीदार झाला, आणि मगच १९८४ साली त्याला मायदेशात जागा मिळाली. २००६ साली त्याचा समावेश फुटबॉलच्या सन्माननीय खेळाडूंच्या दालनात झाला.

काळ बदलला, तरी सवयी रेंगाळतात. २०१८ साली लमार जॅक्सनने क्वार्टरबॅकचा नाद सोडून चेंडू झेलणाऱ्याची जागा घ्यावी, असा सल्ला त्याला जाहीरपणे देण्यात आला होता. पहिल्या फेरीतील अगदी शेवटच्या, ३२ व्या क्रमांकावर त्याची निवड झाली. २०१९ आणि २०२३ या दोन हंगामांत तो लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. 'अनुभवी नजर' हा शब्द कानाला गोड लागतो. पण नजरेला जे पाहण्याची सवय असते तेच तिला दिसते, हे विसरून चालत नाही.

निवडीनंतरची जबाबदारी

या साऱ्या चर्चेत एक गृहीतक नकळत मान्य केले जाते : खेळाडूचा गुण त्याच्या अंगी पूर्ण तयार असतो, आणि पारख्याने तो फक्त ओळखावयाचा असतो. वस्तुस्थिती याहून वेगळी आहे. २००२ साली पहिल्या क्रमांकाने निवडलेला डेव्हिड कार एका नवजात संघाच्या वाट्याला आला. त्याच्यापुढची भिंत इतकी कमकुवत होती की, त्या एका हंगामात प्रतिपक्षाने त्याला चेंडूसकट ७६ वेळा जमिनीवर लोळविले. हा त्या लीगमधील उच्चांक आहे. अशा अवस्थेत कोणता गुण फुलावा? २००५ सालचा अग्रमानांकित ॲलेक्स स्मिथ याच्या वाट्याला पहिल्या काही हंगामांत जवळजवळ दरवर्षी नवा आक्रमण-प्रशिक्षक आला आणि 'फसलेली निवड' हा शिक्का त्याच्यावर बसला. त्याच वर्षी २४ व्या क्रमांकापर्यंत घसरलेला ॲरन रॉजर्स मात्र तीन वर्षे एका मातब्बर खेळाडूच्या मागे बसून शिकला आणि पुढे चार वेळा सर्वोत्कृष्ट ठरला.

स्मिथच्या कथेचा उत्तरार्धही विचार करण्याजोगा आहे. स्थिर प्रशिक्षक लाभताच तोच स्मिथ विश्वासू क्वार्टरबॅक म्हणून नावारूपास आला. आणि २०१७ साली कॅन्सस सिटीत जेव्हा माहोम्स नवखा म्हणून दाखल झाला, तेव्हा त्या पहिल्या वर्षी तो मागे बसून शिकला तो याच स्मिथच्या. ज्याला पारख्यांनी फसलेला ठरविले होते, त्याच्याच छायेत त्या पिढीचा सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक तयार झाला! मॅनिंगचेही तसेच. पहिल्या वर्षी त्यानेही २८ वेळा चेंडू प्रतिपक्षाच्या हाती दिला होता आणि त्याच्या संघाने १६ पैकी १३ सामने गमावले होते. संघाने धीर धरला म्हणून पुढचा इतिहास घडला. लीफच्या अपयशात त्याच्या स्वभावाचा वाटा होता हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि बावीस वर्षांच्या तरुणाला तारणहार ठरवून एका वर्षात त्याच्याकडून फळाची अपेक्षा धरणाऱ्यांचा वाटा कोणत्याही तक्त्यात नोंदविला गेलेला नाही.

यावरून निवड करूच नये असा निष्कर्ष निघत नाही. जागा थोड्या आणि उमेदवार फार, तेथे क्रम लावावाच लागतो. परंतु हा क्रम पेन्सिलीने लिहिलेला असावा, शिलालेखासारखा कोरलेला नसावा. चाचणीत जो वर आला त्याला शिकण्यास अवधी मिळावा, जो खाली राहिला त्याच्यासाठी दुसरे दार उघडे असावे. आणि निवड फसली तर निवडलेल्याकडे बोट दाखविण्यापूर्वी निवडणाऱ्याने आपल्या मोजपट्टीकडे पाहावे. २०२२ सालच्या ड्राफ्टमध्ये २६२ खेळाडू निवडले गेले. त्यांतील सर्वांत शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर ब्रॉक पर्डी याचे नाव होते. ज्याचा क्रमांक शेवटचा लागतो त्याला थट्टेने एक विनोदी किताब देण्याची त्या देशात प्रथा आहे. पर्डीला संधी मिळाली तीही त्याच्या पुढचे दोघे जखमी झाले म्हणून. २०२४ च्या फेब्रुवारीत तो सॅन फ्रान्सिस्कोचा मुख्य क्वार्टरबॅक म्हणून अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात उतरला. तो सामना त्याचा संघ हरला. पण ज्याला सर्वांनी शेवटचा म्हटले होते तो त्या मैदानावर उभा होता. अपघाताने संधी न मिळालेले असे किती पर्डी दरवर्षी यादीबाहेर राहून जात असतील, याचा हिशेब कोणत्याही मोजपट्टीपाशी नाही.